गावच्या घरामागे झोका-घसरगुंडीचा सेट : ऑनलाइन कोणता घ्यावा, काळ्या मातीत कसा रोवावा?

परसबागवाली
नमस्कार मंडळी. हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात आमचं घर आहे. मागे साधारण ४० फूट लांब, ३० फूट रुंद मोकळी वाडी. एका कोपऱ्यात गोठा, पश्चिमेच्या कुंपणाला लागून मोठा कडूनिंब. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत नणंदेची आणि बहिणीची मुलंही येतात. गावात बगिचा नाही, त्यामुळे मुलं एकतर मोबाईलवर, नाहीतर रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागे. म्हणून घरीच काहीतरी पक्कं करायचं ठरवलंय.

ऑनलाइन तीन तऱ्हेचे सेट दिसतात. पूर्ण प्लास्टिकचा छोटा सेट, लोखंडी पाईपचा दोन झोके आणि घसरगुंडीवाला सेट, आणि वर मचाण असलेला लाकडी सेट, जो बराच महाग आहे. माझं मन लोखंडीकडे आहे. पण आमची माती पूर्ण काळी. विक्रेत्याला फोन केला तर म्हणतो, सोबत खुंट्या येतात, त्या ठोका की झालं. माझा त्यावर विश्वास बसत नाही. ज्यांनी बसवलाय त्यांनी सांगा.

कपाशीवाला
ताई, तुमचा संशय बरोबर हाये. कायी मातीत खुंटी टिकत नाई. पावसात माती फुगते, खुंटी सैल होते. उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात अख्खा हात जाते. कुंपणाचे लाकडी खांब आमी दर दोन-चार वर्षाले सरळ करतो, तं झोक्याचं काय घेऊन बसले? पोट्टे काई हळू झुलत नाईत. सिमेंट केल्याबिगर बसवू नोका.

माहेर_वणी
मी पण वाचतेय. आमच्याकडेही हाच विचार चालू आहे.

सिव्हिलकाका_अकोला
बांधकाम खात्यात नोकरी काळ्या मातीतच गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. आपल्याकडे भेगा सहज तीन फूट, कुठे त्याहून खोल जातात. वरचा थर दरवर्षी खालीवर होतो, आणि त्यात अडकवलेली प्रत्येक वस्तू त्याच्याबरोबर हलते. फुगणारी माती खांबाला बाजूने धरून वर ओढते. दोन-तीन पावसाळ्यांत एक पाय इंचभर उचलला गेला की सगळा सांगाडा तिरपा होतो आणि नट-बोल्टवर ताण येतो. याच कारणासाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी फुगवटा असलेले पाईल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब, विकसित केले. तळ रुंद असला की माती खांबाला वर खेचू शकत नाही. तुमच्या झोक्याला पाईलची गरज नाही, पण तत्त्व तेच वापरा.

प्रत्येक पायाला दीड फूट बाय दीड फूट आणि तीन फूट खोल खड्डा घ्या. तळाशी चारही बाजूंनी थोडं आत कोरून तो रुंद करा. सहा इंच मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसाने नीट ठोका. वर १:२:४ चं काँक्रीट : एक भाग सिमेंट, दोन भाग रेती, चार भाग गिट्टी. एका खड्ड्याला साधारण एक पोतं सिमेंट लागतं, तळ जास्त कोरला तर थोडं अधिक. काँक्रीटचा माथा जमिनीच्या तीन-चार इंच खालीच थांबवा आणि त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या, म्हणजे पाईपजवळ पाणी साचणार नाही आणि पडलेल्या मुलाचं डोकं काँक्रीटवर आपटणार नाही.

मे महिन्यात खोदणार असाल तर आदल्या रात्री खड्ड्याच्या जागी पाणी सोडून ठेवा, नाहीतर सब्बल वाजत राहील आणि मजूर वैतागतील.

आणि झोक्याचा जोर कमी समजू नका. ३० किलोचं मूल साठ अंशांपर्यंत झोका नेत असेल, तर खाली येताना साखळीवर त्याच्या वजनाच्या दुप्पट, म्हणजे ६० किलोचा ओढा येतो. दोन झोके एकाच दिशेने चालले की सगळा सांगाडा पुढे-मागे ढकलला जातो. चार खुंट्या हे कुठून पेलणार?

लोखंडी_हात
काकांनी पायाचं सांगितलं, मी पाईपचं सांगतो. अमरावती जिल्ह्यात माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे.

ऑनलाइन सगळे ‘हेवी ड्युटी’ लिहितात, जाडी कोणी लिहीत नाही. विचारा. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिमी, १८ गेज म्हणजे १.२ मिमी. झोक्याच्या आडव्या दांड्याला मी १६ गेजपेक्षा पातळ पाईप कधीच वापरत नाही, मोठी माणसं बसणार असतील तर २ मिमी. आणि आपल्याकडे मोठी माणसं बसतातच.

विक्रेता जाडी सांगत नसेल तर वजनावरून ताडा. दीड इंची पाईपचा बाहेरचा व्यास ४८ मिमी असतो. २ मिमी जाडीचा असेल तर मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरतो, १.२ मिमीचा असेल तर १.४ किलो. पाईपची एकूण लांबी मोजा, गुणा, आणि खोक्याच्या वजनाशी ताडून बघा. घसरगुंडी आणि साखळ्यांचं वजन वेगळं धरा.

दुसरं, पावडर कोटिंगच्या आत काय आहे ते विचारा. आत जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेलं लोखंड, असेल तर उत्तम. साधं काळं लोखंड असेल तर जिथे पाईप मातीत शिरतो तिथेच गंज धरतो, आणि वरून दिसत नाही. म्हणून पाय थेट काँक्रीटमध्ये गाडू नका. ४० बाय ४० बाय ५ मिमीचा लोखंडी अँगल घ्या, खाली आडवा तुकडा वेल्ड करा, तो काँक्रीटमध्ये पुरा आणि सेटचा पाय त्याला यू-बोल्टने बांधा. पायाला भोक पाडायची गरज नाही, म्हणजे वॉरंटीचा वाद नाही, आणि उद्या काढायचा झाला तर नुसते बोल्ट सोडायचे. अँगलला रेड ऑक्साईडचे दोन हात आणि जमिनीच्या रेषेला खालीवर सहा इंच डांबरी रंग. बोल्टची टोकं कापून घासून गुळगुळीत करा, वर टोपी बसवा.

मूळचा_पुसदचा
सध्या मुक्काम ओहायो. इकडे घरामागे लाकडी सेटच जास्त दिसतात, देवदारासारख्या लाकडाचे. गावी भावाला तसा पाठवायचा विचार होता, पण त्याने उधईचं (वाळवीचं) नाव काढलं आणि मी गप्प बसलो. विदर्भात जमिनीला टेकलेलं लाकूड उधई सोडत नाही. सागाचं करून घेतलं तर टिकेल, पण त्या पैशात खोली बांधून होईल.

कोणी जुनं, प्रक्रिया केलेलं परदेशी लाकूड स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. पूर्वी क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक असलेलं लाकूड खेळाच्या सेटला वापरायचे. अमेरिकेत घरगुती वापरासाठी ते २००३ च्या अखेरीस थांबलं.

इथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाची मार्गदर्शिका मी सेट बसवताना जवळ ठेवली होती. त्यातल्या कामाच्या गोष्टी : सेटच्या सगळ्या बाजूंनी किमान ६ फूट मोकळी जागा. झोक्याच्या पुढे आणि मागे दांड्याच्या उंचीच्या दुप्पट. म्हणजे दांडा साडेसहा फुटांवर असेल तर पुढे १३, मागे १३. ताईंच्या वाडीत झोक्याची दिशा ४० फुटांच्या बाजूलाच लागेल, ३० च्या बाजूला ओढाताण होईल. शिडीच्या किंवा कठड्याच्या दोन दांड्यांमधली फट साडेतीन इंचांपेक्षा कमी किंवा ९ इंचांपेक्षा जास्त असावी. मधल्या मापाच्या फटीतून मुलाचं अंग सरकतं आणि डोकं अडकतं.

आणि घसरगुंडीचं तोंड उत्तरेला ठेवा, तापत नाही.

सिव्हिलकाका_अकोला
पुसदकर, बाकी सगळं मान्य, उत्तरेचं मात्र आपल्याकडे लागू होत नाही. ओहायोत दुपारचा सूर्य कायम दक्षिणेला असतो. हिंगणघाट साडेवीस अक्षांशावर. मेच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास तिथे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर. त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेलाच असतो. ऐन तापात उत्तरेचा उतार काय वाचवणार?

आपल्याकडे मुलं उन्हाळ्यात खेळतात कधी? सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. म्हणून उतार पूर्वेकडे करा. दुपार टळल्यावर पश्चिमेचं ऊन उताराच्या पाठीला लागेल, घसरायच्या बाजूला कमी. ताईंचा निंब पश्चिमेला आहे, म्हणजे तीननंतर सावलीही मिळेल. फक्त मोठ्या फांदीच्या थेट खाली नको, वावधनात (वादळात) फांद्या मोडतात. आणि वर वीजतार जात नाही ना, ते बघून घ्या.

परसबागवाली
काका, तार गोठ्याच्या बाजूने आहे, झोक्यापासून लांब. पूर्वेचं एकदम पटलं, मी तर घराकडे तोंड करून ठेवणार होते, दिसायला छान दिसतं म्हणून.

लोखंडी_हात दादा, विक्रेत्याला जाडी विचारली तर दोन दिवस उत्तरच नाही. दुसऱ्या एका विक्रेत्याने लगेच पाईपचं मोजमाप पाठवलं, १.६ मिमी, जीआय. किंमत थोडी जास्त आहे. घसरगुंडी पत्र्याची घ्यावी की प्लास्टिकची?

लोखंडी_हात
प्लास्टिकची. पत्रा ४५ डिग्रीत भाजतो. प्लास्टिकही तापतं, पण पत्र्याइतका चटका देत नाही. मात्र ते उन्हासाठीचं, म्हणजे यूव्ही स्टॅबिलाइज्ड असलं पाहिजे. नसेल तर दोन उन्हाळ्यांत रंग उडतो आणि कडा तडकतात. दुपारी वरून जुनं धोतर किंवा ताडपत्री टाकून ठेवा, आयुष्य वाढेल.

जिपची_बाई
मी गोंदिया जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. रोज मुलं झोक्यावर बघते, म्हणून तळमळीने सांगते.

गळ्यातला काळा दोरा, ताईत, ओढणी, टोपीवाल्या जॅकेटची नाडी : हे सगळं घसरगुंडीवर चढण्याआधी काढायचं. वर बोल्टमध्ये किंवा फटीत दोरा अडकला आणि मूल खाली सरकलं, तर गळ्याला फास बसतो. काळा दोरा काढायला घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं मन होत नाही, हे मला माहीत आहे. मग तो दंडाला किंवा पायाला बांधा, पण गळ्यात नको. यावर मी पालक सभेत दरवेळी बोलते.

चार वर्षांच्या मुलाला पाटीचा झोका देऊ नका, चारही बाजूंनी धरणारी बादलीसारखी सीट मिळते ती लावा. मोठ्या मुलीच्या झोक्याच्या वाटेत तो पळत जाणार, हे गृहीत धरून जमिनीवर चुन्याने नाही, तर विटा पुरून रेषा आखा. विटा जमिनीच्या बरोबरीने, वर आलेल्या नकोत. रेषा पायाला लागली की मुलं थांबतात. लाकडाची किंवा लोखंडाची जड पाटी लावू नका, रबराची किंवा मऊ प्लास्टिकची लावा. रिकामा झोका परत येऊन तोंडावर बसतो, त्याच जखमा मी जास्त बघितल्या.

आणि खाली काय टाकणार आहात? नुसती काळी माती उन्हाळ्यात फरशीइतकी कडक होते.

मूळचा_पुसदचा
खालच्या थराबद्दल : त्या मार्गदर्शिकेत ९ इंच रेतीचा थर ४ फूट उंचीवरून पडण्यापर्यंत चालतो असं आहे. लाकडाच्या चिपांचा ९ इंच थर ७ ते १० फुटांपर्यंत, चिपा कोणत्या त्यावर. गवताला त्यात पुरेसं मानलेलंच नाही.

कपाशीवाला
लाकडाच्या चिपा म्हंजे उधईले जेवणाचं आमंत्रण. रेतीच टाका. पण थेट कायी मातीवर टाकली तं पयल्या पावसात मातीत मिसळून चिखल होते. आधी माती काढून मुरूम अंथरा, त्यावर जुनी शेडनेट दुहेरी करून टाका, मंग रेती. बाजूनं विटाची कड. मांजरं घाण करतात, राती ताडपत्री झाका.

अन् एक लय महत्त्वाचं. पाईपाची सगळी तोंडं बंद करा. उघड्या पाईपात गांधीलमाश्या पोळं करतात, इंचू बसते. घसरगुंडीच्या पोटाखाली अन् मचाणाखाली सकाळी एकदा काठी फिरवून पाहा, मंगच पोट्ट्यायले सोडा. पावसाळ्यात तिथं साप बसू शकते, थंड जागा पायजे त्याले. रेतीवर झाकलेली ताडपत्री हातानं नाई, काठीनं उचला.

वरतं कापडी छप्पर असलेला सेट घेऊ नोका. वानरं एका दिवसात फाडतात.

माहेर_वणी
वानरांचं खरंय. आमच्या शेजारी छप्पर फाडून दांडाही वाकवला.

ग्राहकदक्ष
खरेदीच्या अंगाने थोडं. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. घरगुती झोके, घसरगुंड्या यांचं मानक आहे आयएस ९८७३, भाग ४. पानावर आयएसआय चिन्ह आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक मागा आणि तो बीआयएस केअर ॲपवर टाकून पडताळा. पडताळणीत दुसऱ्याच मालाचं नाव आलं तर ऑर्डर देऊ नका.

खेड्यात पार्सल बऱ्याचदा तालुक्यापर्यंतच येतं. पिनकोड टाकून आधीच विचारा की गावात पोहोचवणार का, आणि नसेल तर खोकं किती किलोचं आहे. छोटा हत्ती सांगून ठेवा, मोटारसायकलवर हे येणार नाही. खोकं फोडताना अखंड व्हिडिओ काढा, सुरुवातीला पत्त्याची चिठ्ठी दिसली पाहिजे. ओटीपी देण्याआधी खोक्याचे कोपरे बघा.

काही कमी निघालं तर तक्रार लेखी करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. तरी दाद मिळाली नाही तर १९१५ ला फोन. त्यापुढे जिल्हा आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

परसबागवाली
मंडळी, सेट आला आणि उभा राहिला. सविस्तर लिहिते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

पार्सल हिंगणघाटलाच थांबलं, तिथून छोटा हत्ती केला. व्हिडिओ काढला म्हणून बरं झालं, यू आकाराचे दोन क्लॅम्प आणि सगळ्या प्लास्टिकच्या टोप्या खोक्यात नव्हत्या. विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला, क्लॅम्प कुरिअरने आले. टोप्या आल्या नाहीत, त्या आमच्या वेल्डिंगवाल्या भाऊंनी पत्र्याच्या चकत्या वेल्ड करून बंद केल्या. कपाशीवाला दादांचं ऐकून मी त्यांना एकही तोंड सोडू दिलं नाही.

खड्डे खोदताना काकांनी सांगितल्याप्रमाणे रात्री पाणी सोडलं. वरची दोन फूट माती काळी, चिकट, सब्बलला लोण्यासारखी चिकटणारी, आणि तिसऱ्या फुटात पांढरे चुनखडीचे खडे लागले. मिस्त्री म्हणाले, इथे बसतो पाया. तळ कोरायला त्यांनी घरातलं विळ्यासारखं खुरपं वापरलं, फावडं आत वळत नव्हतं.

अँगल सरळ आणि एका पातळीत बसवणं हे खरं काम. मिस्त्रींनी पारदर्शक नळी पाण्याने भरून चारही अँगलवर एकच खूण केली, मग ओळंबा सोडला. सासरे खुर्ची टाकून दोरी धरून बसले होते, दोरी हलली की ते ओरडायचे. काँक्रीटवर ओली पोती टाकली, सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, पूर्ण आठवडा. तेवढे दिवस झोके लावलेच नाहीत. सीटा आणि साखळ्या कपाटात कुलपात, नाहीतर मुलांनी ऐकलं नसतं.

मग सांगाडा उभा केला, यू-बोल्ट कसले, आणि मुलांना बसवण्याआधी मिस्त्री आणि वेल्डिंगवाले भाऊ, दोघं धिप्पाड, दोन झोक्यांवर एकदम बसून जोरात झुलले. पाय हलले नाहीत.

उतार पूर्वेला आहे. संध्याकाळी सहाला हात लावून बघितला, कोमट होता. साखळीला मात्र चटका बसत होता. हाताच्या उंचीपर्यंत जुन्या पाण्याच्या पाईपचे तुकडे उभे चिरून चढवले.

खाली रेती. कन्हानची मिळाली नाही, जवळच्या नदीची भरड मिळाली, चाळून घेतली. जिपची_बाई, विटांची रेषा मुलांना खेळायला वेगळीच मिळाली, पण चिरंजीव तिथे थांबतात हे खरं. काळा दोरा आता दंडाला आहे, आजीनेच बांधला.

जिपची_बाई
ताई, हे वाचून फार बरं वाटलं. आजींना माझा नमस्कार सांगा.

लोखंडी_हात
एस-हूक बघितले का? साखळी जिथे वर अडकते तिथे हूकचं तोंड पूर्ण दाबलेलं पाहिजे, १ मिमीहून जास्त फट नको. नवीन सेटमध्ये बऱ्याचदा उघडेच असतात. शक्यतो हूक काढून स्क्रूवाला डी-शॅकल लावा. आणि वरचे नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, आहेत की साधे? साधे असतील तर झुलण्याने सैल होतील.

परसबागवाली
दादा, हूक उघडेच होते. पकडीने दाबून घेतले, उद्या शॅकल आणते. नट नायलॉक आहेत.

भंडाऱ्याचा
आमच्याकडे काळी नाही, सिहार जमीन आहे, शेजारी धानाची बांधी (बांध घातलेलं शेत). पावसाळ्यात दोन महिने अंगणापर्यंत पाणी. हाच पाया चालेल का?

सिव्हिलकाका_अकोला
सिहार हलकी, रेताड. ती फुगत नाही, म्हणून तळ कोरायची गरज कमी आणि खोलीही अडीच फूट चालेल. तुमची अडचण वेगळी आहे : पाण्याने भिजली की रेताड माती बाजूने धरत नाही, पाया हलायला लागतो. म्हणून खड्डा दोन फूट बाय दोन फूट रुंद घ्या, वजनावर उभा राहू द्या. शक्य असेल तर सेटची जागा मुरूम टाकून आजूबाजूपेक्षा सहा इंच उंच करा आणि बांधीकडे एक छोटी नाली काढा. पाईप गंजायचा धोका तुमच्याकडे जास्त, जीआयच घ्या.

आणि परसबागवाली ताई, पहिला मोठा पाऊस झाला की ओळंबा पुन्हा लावा. मग पोळ्याच्या सुमारास एकदा सगळे नट कसून बघा, दिवाळीत माती वाळायला लागली की परत. एखादा पाय पाव इंच जरी उचललेला दिसला तर त्या पायाचा यू-बोल्ट सोडून सांगाडा पातळीत आणा आणि पुन्हा कसा. काँक्रीटला हात लावू नका.